सुवेरातली गाडी

गाडी इटलीत बनली, मुंबईच्या एका पारशी शेटजींनी ती मनसोक्त वापरली आणि शेवटी ती माझ्या गळ्यात पडली. गळ्यात पडली म्हणते खरी, पण ओढून घेतली मीच. कुणी आग्रह केला नव्हता. उलट ज्याला विचारलं त्यानं नकोच म्हटलं, आणि कुणी नको म्हटलं की ते करायचंच ही माझी लहानपणापासूनची खोड.

मी तेव्हा लोकल बोर्डाची नर्स होते. तीस सालाच्या पुढची दोन-तीन वर्षं ती. रेवसहून अलिबागला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात बोर्डानं मला दोन खोल्या दिल्या होत्या आणि आसपासच्या आठ-दहा गावांतली बाळंतपणं माझ्या माथी मारली होती. बाळंतपण सरळ असलं तर काही नाही. पण एखादी अडली तर तिला अलिबागच्या इस्पितळात न्यायचं, आणि ते बैलगाडीनं. तीन तास. त्या तीन तासांत बाईचं काय होतं ते मी शेजारी बसून पाहिलं होतं, एकदा नाही, चारदा. म्हणून मला मोटार हवी होती.

दुसरंही एक कारण होतं, ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नसतं. एकविसाव्या वर्षी माझा नवरा गेला. पुढं मी हट्टानं मुंबईला जाऊन नर्सिंग शिकले, तेव्हापासून सासर आणि माहेर दोन्हीकडची पत्रं बंद झाली. संध्याकाळी दिवा लावला की घरात माझ्याखेरीज एक पाल. तिच्याशीही मी बोलायची, काय करणार. मला वाटायचं, मोटार असली की जाता-येता कुणी बाई शेजारी बसेल, तिला कुठंतरी सोडावं लागेल, वाटेत दोन शब्द होतील. एवढ्यासाठी कुणी मोटार घेत नाही हे मला कळत होतं.

शेटजींचा अलिबागला समुद्रालगत बंगला होता. त्यांच्या सुनेचं बाळंतपण मी केलं होतं, तेव्हाची ओळख. ते नवी गाडी घेणार होते आणि जुनी मागच्या अंगणात नारळाखाली उभी होती. हिरवा रंग, पितळेचे दोन मोठे दिवे, वर कापडी टप. शेटजी म्हणाले, "बाई, एकदम राणी जेवी छे." मी आत डोकावून मैलांचा आकडा वाचला. फार नव्हता. मला वाटलं, राणी फारशी घराबाहेर पडलेली दिसत नाही.

माझ्याकडे सोन्याच्या पाटल्या होत्या. पेटीच्या तळाशी फडक्यात बांधून पडलेल्या. विधवेनं पाटल्या घालायच्या नसतात, आणि घालायच्या नाहीत तर ठेवायच्या तरी कशाला, असं म्हणून त्या विकल्या आणि गाडी घेतली. शेटजींच्या ड्रायव्हरनं आठ दिवस ओहोटीच्या वेळी अलिबागच्या पुळणीवर मला चालवायला शिकवलं. पुळणीवर आपटायला काही नव्हतं, म्हणून मी आपटले नाही. बघायला मात्र अर्धं अलिबाग यायचं. पांढऱ्या लुगड्यातली बाई चाक धरून बसलीय, असली करमणूक त्यांना कुठं मिळणार.

शेजारच्या गावात एक मिस्त्री राहायचे. तीस वर्षं बोटींवर इंजिनाच्या खोलीत तेलाची बुधली घेऊन काढली आणि म्हातारपणी घरी येऊन बसले. मी त्यांना चाचा म्हणायची. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेट उघडलं, आकडा वाचला आणि जमिनीवर बसून बिडी पेटवली.

"बाई, हा आकडा एकदा पुरा फिरून पुन्हा शून्यापासून चाललाय," ते म्हणाले. "हिची उमर झाली."

"माझीही झाली," मी म्हटलं.

"तुम्हाला सुटे भाग लागत न्हाईत."

मग त्यांनी वाकून खाली पाहिलं आणि त्यांचा पारा चढला. पुळणीवर शिकताना खारं पाणी उडून गाडीच्या पोटाला पांढरा थर बसला होता. चाचांनी माझी अशी खरडपट्टी काढली की तशी माझ्या आईनंही कधी काढली नव्हती. बोटीवर असताना खारं पाणी इंजिनाजवळ येऊ नये म्हणून माणसं जिवाचं रान करायची, आणि मी आपण होऊन गाडी समुद्रात घालून आणली होती. त्यांनी मला हात धरून इंजिनापाशी नेलं आणि एक काळी डबी दाखवली. तिला मॅग्नेटो म्हणतात, गाडीची ठिणगी तिथं पडते. ती ओली झाली की गाडी मेली, गोड्या पाण्यानं ओली झाली तर सुकवून जिवंत करता येते, खाऱ्यानं झाली तर देवाचं नाव घ्यायचं. त्या डबीवर त्यांनी मेणकापडाची टोपी शिवून घातली. पुन्हा पुळणीवर गेलात तर दुसरा मिस्त्री बघा, असं बजावलं. पंचक्रोशीत दुसरा मिस्त्री नव्हता.

पुढच्या दोन वर्षांत त्या राणीनं माझ्या नाकी नऊ आणले. पहिल्या महिन्यात पाण्याची टाकी गळायला लागली. ती डाख लावून घेतली तर मागचा पाटा ओढ्यात तुटला. गावच्या लोहारानं बैलगाडीच्या लोखंडाचा पाटा ठोकून दिला आणि खरं सांगायचं तर इटलीवाल्यांपेक्षा त्याचाच जास्त टिकला. टायर ज्या मापाचे होते त्या मापाचे टायर आता जगात कुणी करत नव्हतं. मुंबईच्या जुन्या सामानाच्या बाजारात चाचांचा एक भाचा ते शोधायचा आणि ते लाँचनं रेवसला उतरायचे, सुक्या बोंबलाच्या टोपल्यांबरोबर, त्यामुळं नवा टायर लावला की महिनाभर गाडीला बोंबलाचा वास. रस्त्यावर कालवांच्या शिंपा पडलेल्या असायच्या, त्या ट्यूब फाडायच्या. पंक्चर काढायला मी स्वतः शिकले. पगार हातात आला की आधी गाडीचा वाटा बाजूला काढायचा, मग उरेल त्यात आमटी-भात. म्हशीला असता तसा खुराक चालला होता, पण म्हैस दूध तरी देते.

आणि गाडीत कोणी बसत नव्हतं. दोन वर्षं मी ती एकटीनं चालवली.

त्याचं कारण सुवेर. घरात मूल जन्मलं की दहा दिवस त्या घराला सुवेर असतं, देवाला शिवायचं नाही, त्या घरचं पाणी कुणी प्यायचं नाही. बाळंतपण करणारी बाई ते सुवेर अंगावर घेऊन बाहेर पडते. मी घरी येऊन डोक्यावरून अंघोळ करायची, तेवढ्यानं माझं सुवेर फिटायचं, याबद्दल गावाची काही तक्रार नव्हती. पण गाडीचं काय. बाळंतिणीच्या घरून मी त्याच गाडीत बसून यायची, आणि गाडी काही डोक्यावरून अंघोळ करत नव्हती. दर आठवड्याला कुठं ना कुठं बाळंतपण, म्हणजे एकाचे दहा दिवस संपायच्या आत दुसऱ्याचे सुरू. हिशोब सोपा होता. माझी गाडी बारा महिने सुवेरात.

मी पुष्कळ डोकेफोड केली. वाद घातले, रागावले, एकदा तर ग्रामपंचांच्या ओटीवर जाऊन मोठ्यानं बोलले. सगळे ऐकून घ्यायचे, चहा द्यायचे. माझ्यावर कुणाचा राग नव्हता. पण अडलेली बाई असली तरी बैलगाडीच जुंपली जायची, आणि त्या बैलगाडीच्या मागं मी मोटार हळूहळू चालवत अलिबागपर्यंत जायची, रिकामी. दोनदा गेले अशी. पुढच्या गाडीत बाई कण्हतेय आणि मागं माझी मऊ सीट मोकळी. तेव्हा मी रागानं रडले आहे, चाक धरून.

माझ्या खोल्यांना लागून कुंपण होतं आणि पलीकडे एक घर होतं. भातशेती आणि खाडीकाठी मिठागर, असा त्यांचा धंदा. घरात सासू आणि सून दोघीच, मुलगा मुंबईला गोदीत, शिमग्याला आणि गणपतीला यायचा. सून बावीस-तेवीसची असेल. गावात माझ्याशी कामाशिवाय बोलणारी ती एकटी. कुंपणापाशी उभी राहून ती मला काय काय विचारायची. मुंबईत एवढ्या माणसांना पाणी कुठून येतं. गाडीला मागं कसं चालवतात, तिला मागचं दिसतं का. मी उत्तर दिलं की तोंडावर पदर घेऊन हसायची. मला वाटतं मी सकाळी दार उघडायची ती तिचा आवाज येतोय का ते बघायलाच.

तिचं दोनदा पोट पडलं होतं. तिसऱ्यांदा दिवस राहिले आणि या वेळी टिकले. सासू तिला तळहाताच्या फोडासारखी जपायची, पाण्याचा हंडा उचलू द्यायची नाही. त्या म्हातारीला मी मावशी म्हणायची. सातव्या महिन्यात मी सुनेला तपासलं. पोर अशक्त, अंगात रक्त नाही. मी मावशीला स्पष्ट सांगितलं की हिला काही झालं तर हिच्यापाशी तीन तास नाहीत.

आठ-दहा दिवसांनी एका सकाळी मावशी कुंपणाशी आली आणि म्हणाली, "बाय, येळ आली तर सुनेला तुझ्या गाडीत घालीन मी. लोक बोलतील ते बोलूदे."

मला खरंच वाटेना.

"पन आधी गाडी सुद करून घेईन. धुवून. चालंल तुला?"

"हवी तेवढी धुवा, मावशी."

"तू घरात न्हाय तरी?"

"मी नसले तरी धुवा. माझी काही हरकत नाही."

एवढंच आमचं बोलणं. कुठल्या पाण्यानं धुणार ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, मी नर्स होते, दिवसाला पन्नास प्रश्न विचारायची मला सवय होती. पण त्या दिवशी मला इतका आनंद झाला होता की मी घरात जाऊन उगीच भांडी घासली.

त्यानंतर मी गाडीच्या मागं हात धुवून लागले. मॅग्नेटो त्या सुमारास कुरकुरत होता. चाचांनी तो काढून मुंबईला पाठवला, आतली तार नव्यानं गुंडाळून आणली, त्यात माझा दीड महिन्याचा पगार गेला. चाकांना त्यातल्या त्यात चांगले टायर चढवले. मागच्या सीटसाठी मी जाड गोधडी शिवली. मार्गशीर्षात रस्ता कोरडा झाल्यावर घड्याळ लावून दोनदा अलिबागला जाऊन आले. पहिल्यांदा पन्नास मिनिटं लागली, दुसऱ्यांदा चाळीस. चाचा म्हणाले, "बाई, ही कंपनीतून आली तेव्हा पण एवढी चांगली नसेल." अर्ध्या हँडलला चालू व्हायची ती तेव्हा. हे मी मुद्दाम सांगते आहे. त्या महिन्यात गाडीत काडीचाही दोष नव्हता.

कळा पहाटे सुरू झाल्या. मावशीनं कुंपणावरून हाक मारली आणि मी पेटी घेऊन गेले. सगळं सरळ चाललं होतं. आत अंधारी खोली, एक पणती, मी आणि सून. मावशी आत-बाहेर करत होती. बाहेर बायकांचे आवाज, हंडे ठेवल्याचे आवाज येत होते, मला वाटलं अंघोळीचं पाणी तापतंय. सून दोन कळांच्या मध्ये मला म्हणाली, "गाडी मागं चालवलीस तर मला सांग हां, मला बघायचं हाय." उन्हं चांगली वर आली तेव्हा मुलगी झाली. लहानशी, पण आवाज खणखणीत. माझा जीव भांड्यात पडला.

वार पडली नाही. वाट पाहिली, पोट चोळलं, माझ्यापाशी होतं ते औषध दिलं. मग रक्त सुरू झालं. आधी थोडं, मग थांबेना. असल्या वेळी डॉक्टरचा हात लागतो, माझा नाही. मी उठले आणि म्हटलं, हिला उचला, गाडीत घालायचं, आत्ता. कुणी नाही म्हटलं नाही. चार बायका पुढं झाल्या. मी गाडी चालू करायला धावले.

गाडी माझ्या अंगणात उन्हात उभी होती आणि तिच्यातून पाणी ठिबकत होतं. बॉनेटचे दोन्ही पंख वर उघडलेले. पितळी दिव्यांना हळद-कुंकू लावलेलं, पुढं झेंडूची माळ. भोवती पाच-सहा बायका रिकामे हंडे घेऊन उभ्या, दमलेल्या आणि खूश. मॅग्नेटोवरची मेणकापडाची टोपी काढून नीट घडी करून पायरीवर ठेवली होती.

मावशी माझ्या मागून आली. "समिंदराचं पानी हाय, बाय," ती म्हणाली. "त्याला कसला इटाळ न्हाय. पाटेपासून वाहतोय आमी. आतून-भायेरून धुतली, एक जागा सोडली न्हाय."

खाडी तिथून अर्धा मैल होती. त्या बायकांनी डोक्यावरून किती खेपा केल्या असतील देव जाणे. त्या मिठागरवाल्या होत्या, खाऱ्या पाण्यानं लोखंड गंजतं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पण लोखंड गंजायला महिने लागतात. एका सकाळीत काय होणार, असंच त्यांना वाटलं, आणि लोखंडापुरतं ते बरोबर होतं.

मी हँडल मारलं. पुन्हा मारलं. किती वेळा ते आठवत नाही, पण तळहाताची साल निघाली होती. मग डबी उघडली, पदरानं आतून पुसली, पदर ओला झाला. बोट जिभेला लावलं. कशाला लावलं कोण जाणे, मला माहीतच होतं. पुन्हा हँडल मारलं. इंजिन गुरगुरलंसुद्धा नाही. कुणीतरी चाचांकडे धावलं होतं, पण ते दोन मैलांवर होते.

मी बैलगाडी जुंपायला सांगितलं. गोधडी मोटारीतून काढून बैलगाडीत घातली.

मावशी सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, मी पायाशी, दोन्ही हातांनी पोट दाबून धरलेलं. तान्ही मुलगी घरी शेजारणीपाशी ठेवली होती. सून पांढरी पडत चालली. मी तिच्याशी बोलत राहिले, तिला झोपू द्यायचं नव्हतं. तिला सांगितलं की मोटारीला मागचं दिसत नाही, चालवणाराच मान वळवून बघतो. ती हसली असावी. गाडीवान बैलांना मारत होता आणि बैल बैलांच्याच चालीनं चालले होते. थोड्या वेळानं मावशी मला म्हणाली, "मोटारीत असतो तर आत्तावर पोचलो असतो, न्हाय गं बाय?"

"हो," मी म्हटलं.

अर्धी वाट झाली तेव्हा सून गेली. माझ्या हाताखालीच गेली. मावशीला कळलं नव्हतं, ती पदरानं तिला वारा घालत होती, आणि ते थांबव म्हणून सांगायचा धीर मला बराच वेळ झाला नाही.

दुसऱ्या दिवशी चाचा माझ्या अंगणात मॅग्नेटो उघडून बसले होते. आदल्या दिवशी ते आले तेव्हा आम्ही निघून गेलो होतो, तरी त्यांनी विस्तव करून डबी सुकवत दिवस काढला होता. आतल्या नव्या तारेवर मिठाची पांढरी पूड धरली होती. त्यांनी ती मला बोटानं दाखवली आणि म्हणाले, "मी सांगतो त्यांना. असली अक्कल पुन्हा कुणी चालवायला नको."

"सांगायचं नाही."

"बाई, तुमच्या नावानं खडे फोडतायत गावात. म्हणतात मोडकी गाडी घेतली नि पोरीचा जीव घेतला."

"फोडू दे. त्या म्हातारीनं स्वतःच्या डोक्यावर हंडे वाहिलेत, चाचा. तुम्ही तिला हे सांगितलंत तर ती उद्या विहिरीत असेल. मग त्या तान्हीचं कोण करेल? तुम्ही?"

आमचं कडाक्याचं भांडण झालं. ते म्हणाले, खोटं बोलणं गुन्हा आहे. मी म्हटलं, मला शिकवू नका. शेवटी ते तौबा तौबा करत, मॅग्नेटो फडक्यात गुंडाळून घेऊन गेले. त्यांनी तोंड उघडलं नाही.

दिवसपाणी झाल्यावर मावशी कुंपणाशी आली. तान्ही तिच्या खांद्यावर झोपली होती. तोंड सुकलेलं, डोळे कोरडे. तिनं बराच वेळ माझ्या गाडीकडे बघितलं. झेंडूची माळ अजून पुढं लटकत होती, मला ती काढायचं सुचलं नव्हतं.

"बाय, खरं सांग," ती म्हणाली. "त्या पान्यानं काय झालं का?"

मी रोज बायकांशी खोटं बोलायची. सगळं ठीक आहे, आता फार वेळ नाही, थोडंच दुखेल. माझ्या धंद्यात ते करावंच लागतं. पण असं खोटं मी त्याआधी बोलले नव्हते आणि नंतरही नाही.

"पाण्यानं काय होतंय, मावशी," मी म्हटलं. "मोटारी पावसात चालत नाहीत का? गाडी जुनी होती. फार चाललेली. त्या दिवशीच नेमकी बंद पडली."

"मंग जुनी का घेतलीस?"

"स्वस्त मिळाली."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिचे खांदे सैल पडले, ते मला दिसलं. तिच्या पोटात दहा दिवस जी भीती होती ती सुटली आणि तिच्या जागी माझ्याबद्दलचा राग येऊन बसला, माझ्या डोळ्यांदेखत. "स्वस्त," ती म्हणाली, आणि घरात गेली.

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. हळूहळू गावही बोलेनासं झालं. बाळंतपणाला जुन्या सुईणीला बोलवायला लागले, तिच्यापेक्षा मी कमी उपयोगाची होते असं नाही, पण मला बोलवून कोण पाप घेईल. गाडी तिथंच उभी राहून गंजली. पितळी दिवे कुणीतरी भंगारात विकत घेतले. चाचा मधूनमधून यायचे, अंगणात बसून बिडी ओढायचे आणि जायचे. त्यांच्याजवळ मी रडले असते तर त्यांना बरं वाटलं असतं, पण मला येत नव्हतं.

कुंपणापलीकडे ती मुलगी रडायची. नर्सला रडणं कळतं, हे भुकेचं, हे पोटात गुबारा धरल्याचं. गुबाऱ्याचं रडणं ऐकू आलं की माझे हात शिवशिवायचे. दोन मिनिटांचं काम होतं, पालथी घालून पाठ चोळायची, बस. मी खिडकी लावून घ्यायची. म्हातारी आता शांत झोपत असेल, आपण एवढं केलं, एवढं पुरे, असं मी स्वतःला समजवायची. पुरे नव्हतं. मला तिच्याशी बोलायचं होतं. त्या गेलेल्या पोरीबद्दल बोलायला सगळ्या जगात मला तीच एक बाई होती आणि तिला माझीच गरज होती, आणि मीच ते दार लावून टाकलं होतं.

वर्षभरानं बोर्डानं माझी बदली केली. सकाळच्या लाँचसाठी मी पेटी घेऊन निघाले. निरोपाला कोणी येणार नव्हतं, आलंही नाही. मावशी तिच्या अंगणात भात वाळत घालत होती आणि मुलगी तिचं लुगडं धरून उभी राहायला शिकत होती. मुलीनं मला पाहिलं आणि हसली. हुबेहूब आईचं हसू. मी थांबले. माझ्या तोंडून काहीतरी निघालं असतं, काय निघालं असतं ते मला अजून माहीत नाही. मावशीनं वर बघितलं, चटकन पोरीला उचललं आणि माझी दृष्ट लागू नये म्हणून तिचं तोंड पदरानं झाकलं.